अलर्टची वर्गवारी

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४, हिंजवडी
रात्रपाळी. टीममधल्या नव्या मुलीला इव्हेंटची वर्गवारी शिकवायला घेतली. आयटिल या आयटी सेवा-व्यवस्थापनाच्या चौकटीतले तीन वर्ग: माहिती, इशारा, अपवाद. बॅकअप वेळेत संपला, ही माहिती, नोंद पुरे. डिस्क ८५ टक्के भरली, हा इशारा. पेमेंट सेवा उत्तरच देत नाही, हा अपवाद. तिकीट उघडायचं आणि ऑन-कॉल माणसाला उठवायचं.
"८५ टक्के म्हणजे दर वेळी इशाराच का?" तिने विचारलं. अगदी योग्य प्रश्न. महिनाभर ८५ वर थांबलेली डिस्क आणि तासाभरात ६० वरून ८५ वर पोचलेली डिस्क, दोन्हींची निकड सारखी कशी असेल?

मंगळवार, १३ ऑगस्ट
आज सिसलॉग, म्हणजे प्रोग्रामनी आपल्या नोंदी पाठवण्याची पद्धत. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत सेंडमेल या ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रामसोबत तो घडवला. पातळ्या शून्य ते सात; शून्य सर्वांत गंभीर, सात डीबगसाठी. पातळी ठरवतो प्रोग्राम लिहिणारा, आणि तो प्रोग्राम कुणाच्या कामी येणार हे त्याला ठाऊक नसतं. चाचणीच्या सर्व्हरवरचं 'क्रिटिकल' सकाळपर्यंत थांबतं. पगाराच्या दिवशी पगाराच्या सर्व्हरवरचं 'वॉर्निंग' थांबत नाही. सेवा कोणती हे पाहिल्याशिवाय प्राधान्य ठरवू नये.

बुधवार, १४ ऑगस्ट
२००३ साली याच तारखेला ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा बंद पडली आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. वाहिन्या एकामागून एक बंद पडत होत्या, तरी अलार्म वाजला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. काहीच न येणं हाही इव्हेंट धरायला हवा. सर्व्हरवरच्या कोणत्याही देखरेख-एजंटचा हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' हा ठरावीक वेळाने येणारा संदेश, चुकला की अपवाद, हा नियम आज घातला.

शुक्रवार, १६ ऑगस्ट
एक स्विच गेला आणि त्यामागचे सगळे सर्व्हर लाल झाले. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातातही, २८ मार्च १९७९ला, सुरुवातीलाच शंभरावर अलार्म वाजले होते. बिनमहत्त्वाचे बाजूला सारायची सोय नव्हती. नागिओस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे: कोण कोणाच्या मागे आहे ते सांगून ठेवलं, तर स्विच 'डाउन' आणि मागचे 'अनरीचेबल' दिसतात. ती मांडणी मुलीने पहाटेपर्यंत पूर्ण केली. आता अशा वेळी एकच तिकीट निघेल.
सोमवारपासून सगळे नियम तपासायचे. प्रत्येकाला एकच प्रश्न: हा अलर्ट वाचून कुणी, काय करायचं? उत्तर नसेल त्याची फक्त नोंद ठेवायची. झोपेतून उठवलेल्या माणसाला उठण्याचं कारण पटलं, तरच पुढच्या वेळी तो फोन उचलेल.