फरक कोठे आहे?

घरात एखादी वस्तू बिघडली की दोष ठरविण्याची बहुतेक कुटुंबांत एक रीत असते. जी वस्तू सर्वांत नवी, तिच्यावर पहिला संशय. आणि ती ज्याने घरात आणली, त्याच्यावर दुसरा. अंबड येथील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी २०२५ च्या दिवाळीनंतर नेमके हेच घडले. नवी वस्तू होती संगणकातील लिनक्स ही प्रणाली, आणि ती आणणारी होती घरची थोरली सून.

मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्या कुटुंबाचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. खाली दुकान, वर राहते घर. भिंती जुन्या वाड्याच्या, दोन-दोन हात जाड. खालच्या संगणकावर दुकानाचे हिशेब चालतात आणि त्यालाच जोडलेल्या एका हार्ड डिस्कवर घरातील सर्व जुने फोटो व चित्रफिती ठेवलेल्या आहेत. ती डिस्क घरच्या नेटवर्कवर सामायिक केलेली असल्याने वरच्या मजल्यावर बसूनही त्या चित्रफिती पाहता येतात.

वरचा संगणक दहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ हे जुने यंत्र स्वीकारीना. धड चालणारी वस्तू भंगारात घालणे सुनेला पटले नाही. तिने त्यावर लिनक्स मिंट बसविले. एक पैसाही खर्च न होता यंत्र पुन्हा चपळ झाले आणि सासऱ्यांनीही समाधान व्यक्त केले. ते समाधान फार दिवस टिकले नाही.

त्या डिस्कवर २००३ सालच्या एका लग्नाची चित्रफीत आहे. लेकीच्या पाठवणीच्या वेळी दादाजी तिला दोन शब्द सांगतात. दादाजींचा एवढाच आवाज आज घरात शिल्लक आहे. दिवाळीचे पाहुणे परतले की दादीजी दरवर्षी ती चित्रफीत एकदा पाहतात. यंदाही त्या चष्मा पुसून बसल्या. दादाजींनी बोलण्यासाठी मान वर केली आणि चित्र थांबले. आवाजही थांबला. आठ-दहा सेकंदांनी ते पुढे सरकले व पुन्हा अडले. असे तीन-चार वेळा झाल्यावर दादीजी उठल्या. “राहू दे बाई, त्यांना आता बोलायचं नसेल,” एवढेच म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या.

धाकटा दीर तेथेच होता. “भाभीजी, फुकटचा माल असाच असतो,” तो हसत म्हणाला. पुढे त्याने उपायही सुचविला. मूळ चित्रफिती फार मोठ्या आहेत. त्या मोबाइलवर चालतील एवढ्या लहान कराव्यात आणि मूळ काढून टाकाव्यात, म्हणजे अडणेही थांबेल आणि डिस्कवर जागाही होईल. उपाय खोटा नव्हता. लहान केलेली चित्रफीत कदाचित अडली नसती. परंतु लग्नाच्या त्या मिनी डीव्ही कॅसेटना पावसाळ्यांत बुरशी लागली होती व कॅमेराही बंद पडला होता. डिस्कवरची प्रत हीच आता मूळ प्रत होती. एकदा काढून टाकल्यावर ती पुन्हा कोठूनही मिळणार नव्हती. रविवारी हे काम उरकण्याचे ठरले. सुनेच्या हाती चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात उतरली तेव्हा मुनीमजी रोकड मोजत होते. चाळीस वर्षे ते याच गादीवर आहेत. हिशेब आता टॅलीवर गेले असले, तरी सायंकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय ते घरी जात नाहीत. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारपूस केली. संगणकातील आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. पण फरक शोधणे त्यांना ठाऊक होते.

“सूनबाई, मेळ जुळला नाही की आम्ही साऱ्या वह्या उपसत नाही. आधी फरकाचं रूप पाहतो. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, बहात्तरचे सत्तावीस. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. फरक स्वतःच आपला पत्ता सांगतो. तुमचं चित्र अडतं तरी कसं?”

हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. त्या सायंकाळी तिने कागदावर तीन रकाने आखले: किती वाजता अडले, चित्रफितीच्या कोणत्या मिनिटाला अडले, आणि आवाज चालू राहिला की तोही थांबला. तासाभरात पान भरले. मग तीच चित्रफीत तिने पुन्हा पाहिली आणि दुसरे पान भरले. दोन्ही पानांतील मिनिटे जुळत नव्हती. चित्रफीतच खराब असती, तर ती प्रत्येक वेळी त्याच जागी अडली असती. आवाजही दरवेळी चित्राबरोबर थांबत होता. संगणकाला चित्र उलगडण्याचे काम झेपत नसेल, तर बहुधा आवाज पुढे जातो आणि चित्र मागे रेंगाळते. दोन्ही एकदम थांबतात, याचा अर्थ पुढचा माल येऊनच पोहोचलेला नसतो.

मग तिने ती चित्रफीत खालच्या डिस्कवरून वरच्या संगणकात उतरवून घेतली व तेथूनच लावली. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही अडली नाही. चित्रफीत निर्दोष, डिस्क निर्दोष आणि लिनक्सवरील चित्र दाखविणारा व्हीएलसी हा प्रोग्रामही निर्दोष. किंबहुना, व्हीएलसीचा जन्मच नेटवर्कवरून चित्र पाहण्यासाठी झालेला आहे. १९९६ मध्ये पॅरिसजवळील एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या आवारातील नेटवर्कवर चित्रवाणी पाहता यावी म्हणून त्या कामाला हात घातला होता.

चित्रफीत उतरवून घेताना आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मिनी डीव्हीची चित्रफीत सेकंदाला सुमारे साडेतीन मेगाबाइट माल मागते. तासाला सुमारे तेरा गीगाबाइट. तासाभराची ती चित्रफीत वर येण्यास सव्वा तासाहून अधिक वेळ लागला होता. ज्या वाटेने तासाचे चित्र तासात पोहोचत नाही, त्या वाटेवरून ते न अडता पाहता कसे येणार? फरक दोन टोकांना नव्हता, तो वाटेत होता.

तिने व्हीएलसीमध्ये आगाऊ साठ्याची मुदत वाढवून पाहिली. हा साठा एखाद्या सेकंदाचा असतो, तो तिने दहा सेकंदांचा केला. अडणे कमी झाले. तिने आनंदाने मुनीमजींना सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलविली. “हे उचंत खातं झालं. फरक उचंतला टाकला की मेळ दिसतो, जुळत नाही.” तसेच झाले. रात्री आठच्या सुमारास चित्र पुन्हा अडू लागले. साठा क्षणभराची उणीव भरून काढतो. आवकच कमी असेल, तर तोही संपतो.

वाट तपासताना तिने मुनीमजींचा दुसरा नियम पाळला: एका वेळी एकच बदल. आजवर ती सामायिक फोल्डर फाइल-व्यवस्थापकातून उघडत असे. ते तिने संगणक सुरू होतानाच कायमचे जोडले जाईल अशी योजना केली. फरक पडला नाही. मग तिने वायफाय कार्डाची वीज-बचत बंद केली. अनेक लिनक्स संगणकांत ती आपोआप चालू असते आणि कार्ड अधूनमधून डुलकी घेते. थोडा फरक पडला, दोष गेला नाही. पिंग या आज्ञेने तिने खालच्या संगणकाला निरोप पाठवून पाहिले. बहुतेक निरोपांचे उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत येई. मध्येच एखाद्याला अर्धा सेकंद लागे, एखादा परतच येत नसे.

शनिवारी तिने दिराला त्याचा विंडोजचा लॅपटॉप त्याच टेबलावर, त्याच खुर्चीसमोर ठेवून ती चित्रफीत लावायला सांगितले. चित्र तिसऱ्या मिनिटाला अडले, पाचव्याला पुन्हा अडले. दीर गप्प झाला. फुकटचा माल निर्दोष ठरला होता. निरनिराळ्या प्रणालींच्या यंत्रांनी एकमेकांच्या फाइली वाचाव्यात, यासाठी कॅनबरा येथील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास जे काम सुरू केले, त्यातूनच सांबा हा प्रोग्राम उभा राहिला. दोन प्रणालींची बोली जुळवणे तेव्हापासून चालत आलेले आहे. या घरात त्या बोलीत काही बिघडलेले नव्हते.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता. गेल्या वर्षी हेच चित्र, याच खोलीत, अडत नव्हते. सूनबाईने लिनक्सखेरीज काहीच बदलले नव्हते. सायंकाळी तिने तिन्ही-चारी कागद मुनीमजींसमोर ठेवले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“लिहिलेलं सगळं बरोबर आहे आणि तरी रोकड जुळत नाही, तेव्हा न लिहिलेलं शोधायचं. काय आणलं ते तुम्ही सांगितलंत. त्या आठवड्यात घरातून काढलं काय?”

ती उत्तर देण्यासाठी थांबली आणि तिला आठवले. दिवाळीपूर्वी घराला रंग दिला होता. दुकानातून जिन्याच्या कडेने वर येणारी एक करडी वायर रंगाऱ्याला अडथळा होत होती. तिनेच ती काढायला सांगितली. नव्या रंगावर ती लोंबती वायर बरी दिसणार नाही, शिवाय वायफाय आहेच, असा तिचा विचार होता. लिनक्स बसविले ते त्याच आठवड्यात. दोन बदल एकदम झाले होते. आणलेली वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर होती म्हणून तिच्यावर आळ आला. काढलेली वस्तू समोर नव्हती, म्हणून ती कोणाच्या ध्यानातच राहिली नाही. जुन्या वाड्याच्या जाड भिंती, आणि सायंकाळी शेजारच्या घरांतील वायफायही त्याच लहरींवर गर्दी करणारे. त्या गर्दीतून सेकंदाला साडेतीन मेगाबाइट अखंड आणणे वायफायला साधत नव्हते.

वायर माळ्यावर साड्यांच्या रिकाम्या खोक्यांमागे सापडली. दीर स्वतः शिडीवर चढला. तासाभरात ती जिन्याच्या कडेने पुन्हा जोडली गेली, यावेळी पट्टीखाली नीट झाकून. पिंगची सर्व उत्तरे एक मिलिसेकंदाच्या आत परत येऊ लागली. साध्या शंभर मेगाबिटच्या वायरीतूनही सेकंदाला दहा मेगाबाइटपेक्षा अधिक माल सहज येतो. म्हणजे चित्राच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट. सूनबाईने आगाऊ साठा पुन्हा पूर्वीसारखा एका सेकंदाचा केला आणि चित्रफीत लावली. ती अडली नाही.

एक बारीकसा फरक मात्र उरला. चित्र मध्येच थांबवून चहाला गेले आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केले, की पहिले काही सेकंद ते हलत नसे. याचे कारण निराळे होते. खालच्या संगणकाच्या वीज-बचतीच्या व्यवस्थेनुसार डिस्क वीस मिनिटे वापरात नसली की फिरणे थांबवीत असे, आणि पुन्हा वेग घेण्यास तिला वेळ लागे. ती मुदत बदलताच हाही फरक मिटला. एकाच लक्षणामागे दोन कारणे असू शकतात, आणि एक सापडले म्हणून दुसरे आपोआप जात नाही, हे मुनीमजींना नव्याने सांगावे लागले नाही.

रात्री जेवणानंतर सूनबाईने सर्वांसमोर सांगितले, “दोष लिनक्सचा नव्हता, पण माझा होता. वायर मी काढायला लावली.” सासरे म्हणाले, “रंग आम्हीही पाहिला होता, वायर नाही हे आमच्याही लक्षात आलं नाही.” दिराने रविवारचा बेत सोडला आणि त्याऐवजी जालन्याहून दुसरी डिस्क आणण्याचे कबूल केले. व्यापाराच्या वहीची नक्कल ठेवणाऱ्या घरात दादाजींच्या आवाजाची एकच प्रत असावी, हे त्यालाही तेव्हाच जाणवले.

मग दादीजींना बोलावण्यात आले. त्या नको-नको म्हणत आल्या. पाठवणीचा प्रसंग आला. दादाजींनी मान वर केली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोहोचल्यावर फोन कर.” एवढेच ते दोन शब्द. चित्र पुढे सरकत राहिले. दादीजी थोडा वेळ पडद्याकडे पाहत बसल्या. “दुसऱ्या दिवशी दुपारी केला तिने फोन,” त्या म्हणाल्या, “रात्रभर झोपले नव्हते हे.”

त्या घरात आता दुकानाच्या वह्यांशेजारी एक लहान वही असते. घरातील यंत्रांत काही बदल केला की तारखेसह त्यात नोंद होते. मुनीमजींनी तिला दोनच रकाने आखून दिले आहेत: काय लावले आणि काय काढले.