मायला उचलताना

धुळ्याच्या घरी माय न्हाणीत पडली, तेव्हा आम्ही दोघे भाऊ धावलो. लकव्याने तिची डावी बाजू आधीच गेलेली. आम्ही दोन बगला धरल्या आणि ओढले. डावा खांदा निखळला. पडण्याने तिला काही झाले नव्हते. झाले ते आमच्या उचलण्याने झाले.

त्यानंतर माय पाणीच पिईना. शेवटी धाकट्या सुनेला म्हणाली, "न्हाणीत जाणंच नको. पडले तर पोरं परत ओढतील." हे ऐकून आम्हाला मान वर करवेना.

डॉक्टरांच्या सल्ल्याने जळगावहून माणूस उचलायचे यंत्र भाड्याने आणले. चाकांवरचा लोखंडी सांगाडा, वर पुढे आलेला दांडा, त्याला टांगायची कापडी झोळी आणि हाताने मारायचा पंप. भुसावळच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले मामा मुद्दाम आले. त्यांनी जन्मभर चेन-कुप्पीने मोटारी उचललेल्या. म्हणाले, "वजन बघा, पट्टे बघा, हूक बघा, मग हात लावा. फरक एवढाच, मोटारीला भीती वाटत नाही." आधी त्यांनी आम्हालाच एकेकाला झोळीत उचलले!

जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींसाठी सांगतो. पडलेल्याला लगेच उचलू नये. शुद्ध आहे का, डोक्याला मार आहे का, मान, पाठ, खुबा दुखतो का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळला आहे का, ते पाहावे. तसे असल्यास हलवू नये. पांघरूण घालून १०८ ला फोन करावा.

सर्व ठीक असेल तरच यंत्र आणावे. ते किती किलो पेलते हे त्यावर लिहिलेले असते. शिवण उसवलेली झोळी वापरू नये. माणसाला कुशीवर वळवून झोळी पाठीखाली सारावी, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती ओढून घ्यावी. सांगाड्याचे पाय फाकवावेत. दोन्ही बाजूंचे पट्टे सारख्या मापाचे अडकवावेत. पट्टे ताणले की थांबावे, सगळे हूक पुन्हा पाहावेत, मगच वर घ्यावे. एकाने पंप मारावा, दुसऱ्याने डोके सांभाळावे. चाकांचे ब्रेक केव्हा लावायचे ते यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे करावे. लटकत ठेवून कुठे जाऊ नये. काही यंत्रांचा दांडा जमिनीपर्यंत येत नाही. भाड्याने घेतानाच पाहून घ्यावे.

विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंतांनी आधी त्याची विचारपूस केली, आनंदासह त्याला धुतले, मग डोक्याकडून स्वतः धरले, पायांकडून आनंदाने, आणि दोघांनी मिळून त्याला मंचकावर ठेवले. विहारात हा प्रसंग आम्ही कितीदा ऐकला. पण आधी विचारायचे आणि दोघांनी उचलायचे, हे मायचा खांदा गेल्यावर कळले.

पुढे माय पुन्हा पडली. सुनेने अंगावर चादर टाकली, प्रत्येक गोष्ट सांगून केली. खाटेवर टेकताच मायने तांब्याभर पाणी मागितले.

हे यंत्र एकट्या घराला परवडत नाही. विहार समितीने वर्गणीतून एक घ्यावे आणि चार तरुण-तरुणींना शिकवून ठेवावे. आमच्या वस्तीत शिकवायला आम्ही तयार आहोत. जयभीम.