उंदीरमामांच्या गावी

मराठी माणसाचे आणि उंदराचे नाते मामा-भाच्याचे आहे. निदान आपण आपल्या मुलांना तसे शिकवतो. भाद्रपदात हे मामा गणपतीच्या पायाशी मोदक धरून बसलेले असतात. तेव्हा आपण त्यांनाही हळदकुंकू वाहतो, दूर्वांची एक काडी देतो, आणि साहेबांकडे एखादी गोष्ट परस्पर पोचवायची असेल तर मामांच्या कानातही सांगतो. विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी माळ्यावरून पिंजरा खाली येतो आणि त्याच मामांसाठी त्यात शिळ्या भज्याचा तुकडा अडकवला जातो. सख्ख्या मामाशी इतके दुटप्पी कुणी वागत नाही. वागलेच तर निदान मामाला ते कळू देत नाही.

अर्थात आपल्याकडेही कारणे आहेत. 1896 साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हा 'घरात उंदीर पडला' एवढे तीन शब्द ऐकून माणसे भरले घर सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. त्या तीन शब्दांची धास्ती आजही कुठेतरी आपल्या हाडात आहे. मुंबई महानगरपालिकेने तर रात्रपाळीचे मूषकसंहारक नेमलेले आहेत. एका रात्रीत एका माणसाने 30 उंदीर मारायचे, असा त्यांचा कोटा. हे प्रथम वाचले तेव्हा मला त्या माणसांचा हेवा वाटला होता. बँकेत आम्हांलाही कोटा असतो, पण आमचे ठेवीदार अंधारात काठी घेऊन शोधले तरी सापडत नाहीत.

सांगायचा मुद्दा असा, की अशा घराण्यातला मी डोंबिवलीचा गृहस्थ, सहकुटुंब, स्वखर्चाने, उंदरांच्या दर्शनाला गेलो.

स्वखर्चाने म्हणजे अगदी तसे नाही. बँकेत एल.एफ.सी. नावाची एक सवलत असते. चार वर्षांच्या गठ्ठ्यात ती घेतली नाही तर बुडते, आणि बुडणारी सवलत बघत बसणे हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभत नाही. तेव्हा राजस्थान ठरले. जयपूर झाले, जोधपूर झाले, शेवटी बिकानेर आले. बिकानेरला आम्ही किल्ला पाहिला, उंट पाहिले आणि भुजिया घेतली. ती भुजिया मटकीच्या पिठाची असते हे कळल्यावर सौभाग्यवतींनी राजस्थानला प्रथमच मनापासून मान्यता दिली. "म्हणजे आपलीच की हो मटकी," ती म्हणाली. उसळीपलीकडे मटकीला इतके उज्ज्वल भवितव्य असेल, असे तिला वाटले नव्हते.

एक दिवस शिल्लक राहत होता. हॉटेलच्या मॅनेजरने सुचवले, "देशनोक हो आइए. तीस किलोमीटर है. करणी माता का मंदिर."

"करणी?" सौ.ने माझ्याकडे पाहिले. आपल्याकडे करणी म्हणजे लिंबू, बिब्बा, काळी बाहुली आणि शेजारच्या बाईंचा संशय. "अहो, नावच कसलं ते! आणि म्हणे तिथं काय असतं?"

"उंदीर," चिरंजीवांनी मोबाईलमधून डोके न काढता माहिती पुरवली. "वीस-पंचवीस हजार. देवळात मोकळे फिरतात. अनवाणी जायचं."

जिच्या स्वयंपाकघरात एक उंदीर शिरला तर ती अर्धा दिवस स्टुलावर उभी राहून संसार चालवते, ती माझी पत्नी यावर काय बोलेल, हे मला पाठ होते. पण ती म्हणाली, "आलोच आहोत एवढं लांब तर जाऊ." मी जरा चरकलो. लग्नाला वीस वर्षे झालेल्या माणसाला बायकोचा नकार सोसतो, पण अनपेक्षित होकाराने त्याचे मांजर होते.

जीपवाला त्याच भागातला होता. देशनोक येईपर्यंत त्याने आम्हांला सगळी कथा सांगितली. दोन्ही बाजूंना वाळू, खेजडीची झाडे आणि मधूनच रस्ता ओलांडणारा, कसलीही घाई नसलेला उंट. अशा पार्श्वभूमीवर कथा पटकन पटतात. डोंबिवली लोकलमध्ये ती पटली असती की नाही, सांगवत नाही.

कथा अशी. करणीमाता ही चारण समाजातली. चारण म्हणजे राजेरजवाड्यांची कवने करणारे, वंशावळी मुखोद्गत असणारे लोक. तिचा जन्म 1387 सालचा आणि तिने देह ठेवला 1538 साली, अशी परंपरा आहे. म्हणजे वय वर्षे 151. हे ऐकताना मला आमच्या पेन्शन विभागाची आठवण झाली. तिथल्या माणसासमोर 151 व्या वर्षी नोव्हेंबरात कुणी हयातीचा दाखला ठेवला असता, तर दाखला देणारी हयात राहिली असती, घेणाऱ्याचे काही खरे नव्हते. राव बिकाने 1488 साली बिकानेर वसवले ते तिच्या आशीर्वादाने, आणि जोधपूरच्या किल्ल्याचा पहिला दगडही तिच्याच हातचा, असे तिकडे मानतात.

या करणीमातेचा मुलगा लक्ष्मण. खरे म्हणजे बहिणीचा, पण बहीणच सवत म्हणून घरात असल्याने तिचाही. तो कोलायतच्या कपिल सरोवरात पाणी प्यायला वाकला आणि बुडाला. मातेने यमाला सांगितले, पोर परत दे. यम म्हणाला, नोंद झालेली आहे, आता खोडता येत नाही. इथे मला यम प्रथमच आपल्यातला वाटला. पण माता ऐकणाऱ्यातली नव्हती. तिने मुलगा परत मिळवला आणि वर यमाला बजावले, की यापुढे माझ्या कुळातला माणूस तुझ्या दारात यायचाच नाही. माणूस मेला की माझ्या देवळात काबा होईल, आणि काबा मेला की पुन्हा चारणाच्या घरी जन्माला येईल. काबा म्हणजे हे उंदीर. देवळाबाहेर तो उंदीर, आत काबा.

मी मनातल्या मनात ताळा करून पाहिला. माणूस नावे, काबा जमा. काबा नावे, माणूस जमा. दुहेरी नोंद पद्धत, आणि यमाचे खाते कायमचे बंद. वर्षअखेरीला एक जीव इकडचा तिकडे नाही. इतकी स्वच्छ बॅलन्सशीट माझ्या नोकरीत मी पाहिलेली नाही. त्यात दंडाची तरतूदही आहे. तुमच्या पायाखाली काबा मेला तर चांदीचा किंवा सोन्याचा उंदीर करून देवळाला द्यायचा. हे ऐकल्यावर, सोनेतारण कर्जाच्या टेबलावर सहा वर्षे काढलेल्या मी, सौ.ला हळूच म्हटले, "पाय उचलून टाकू नकोस. घासत चाल."

देऊळ छोटे नाही. आजचे संगमरवरी काम बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केले. हे तेच गंगासिंह, ज्यांनी 1919 साली व्हर्सायच्या तहावर सही केली आणि पुढे बिकानेरच्या वाळवंटात कालव्याने सतलजचे पाणी आणले. पहिले महायुद्ध मिटवून आलेला राजा गावी येऊन उंदरांसाठी चांदीचे दरवाजे करतो, ही गोष्ट मला त्या तहापेक्षा जास्त आवडली. तह काही वीस वर्षांहून जास्त टिकला नाही. दरवाजे अजून आहेत, आणि त्यांच्यावर देवीच्या बरोबरीने उंदीरही कोरलेले आहेत.

आत शिरलो. वर आकाशाकडे पाहिले तर अंगणभर जाळी. घारी-गिधाडांनी काबांवर झडप घालू नये म्हणून. खाली पाहिले मात्र आणि मी वरच बघायचे ठरवले. पायऱ्यांवर, कठड्यांवर, कोनाड्यांत, दाराच्या फटींत सगळीकडे तेच. पितळी परातीत दूध होते आणि तिच्या काठावर पन्नासेक मंडळी पंगतीला बसावीत तशी गोल बसली होती. एकाची शेपटी दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याचे पुढचे पाय दुधात. पलीकडे लाडवांचा ढीग होता. तिथे मात्र पंगत नव्हती, बुफे होता. आणि आश्चर्य म्हणजे त्यांना आमची काडीइतकी फिकीर नव्हती. आपल्या घरचा उंदीर दिवा लावला की पळतो. त्याला माहीत असते, आपण चोर आहोत. इथे चोर असल्यासारखे आम्ही वावरत होतो.

पांढरा काबा दिसला तर भाग्य उजळते म्हणतात. तो खुद्द मातेचे किंवा तिच्या मुलांचे रूप. चिरंजीव "तो बघा पांढरा!" म्हणून ओरडले. जवळ जाऊन पाहिले तर नेहमीचाच करडा, नुकताच पिठातून बाहेर आलेला. भाग्य उजळायला आलेले आठ-दहा लोक आमच्याकडे रागाने बघत पांगले.

एवढ्यात माझ्या लक्षात आले की सौ. शेजारी नाही.

ती खांबाजवळ बसली होती. खाली, फरशीवर, मांडी घालून. समोर एक म्हातारे गृहस्थ, पांढरी दाढी, लाल फेटा, तांब्यातून परातीत दूध ओतत होते. सौ. त्यांच्याशी डोंबिवलीच्या हिंदीत बोलत होती.

"बाबाजी, ये सब आपके घर का लोग है?"

"सब अपने ही हैं, बहनजी. बाप, दादा, काका."

इथे मला दीड वर्ष मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या सासूबाई गेल्या, त्यांच्या दहाव्याला आम्ही घाटावर होतो. पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली उतरेना. माझ्या मेव्हण्याने हात जोडून, निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखी, एकामागून एक आश्वासने दिली. घर विकणार नाही, देव्हारा हलवणार नाही, धाकट्या बहिणीचे माहेरपण चालू ठेवीन. कावळ्यांनी तोंडे फिरवली. एक तर मान खाजवत बसला. गुरुजींना साडेअकराला दुसरा दहावा होता. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिवला आणि आम्ही आंघोळी करून घरी आलो. शास्त्राप्रमाणे काम झाले होते. पण शास्त्राने झालेले काम आणि कावळ्याने केलेले काम यात काय फरक असतो, तो मुलीला विचारावा. त्यानंतर कितीतरी रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून प्रश्न यायचा, "अहो, आईचं काय राहिलं असेल हो?" बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती आम्ही सस्पेन्समध्ये टाकतो. तिथे ती वर्षानुवर्षे पडून राहते आणि ज्याने टाकली त्याच्या डोक्यातून जात नाही. सासूबाई तशा पडून होत्या.

सौ. त्या म्हाताऱ्यांना विचारत होती, "जिसका कुछ इच्छा राह्यला होगा, वो भी आता है क्या इधर?"

ते हसले. "जिसका मन अटका हो, वो तो सबसे पहले आता है."

"पण हम लोग तो चारण नहीं."

म्हाताऱ्यांनी जरा विचार केला. वंशावळीचा प्रश्न होता, आणि तिथे चारण उगाच सैल बोलत नाही. मग त्यांनी उरलेला तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "दूध तो आप भी पिला सकती हैं."

तिने दूध ओतले. हात थरथरत होता, त्यामुळे निम्मे बाहेर सांडले. त्या सांडलेल्या दुधाच्या मागोमाग एक काबा आला आणि तिच्या पावलावरून सरळ पलीकडे गेला. मी श्वास रोखला. पायावरून काबा जाणे तिथे फार शुभ मानतात, पण सौ.च्या किंकाळीने दोन-चार चांदीच्या उंदरांचा खर्च निघेल अशी माझी खात्री होती. ती ओरडली नाही. पाऊलही हलवले नाही. डोळे मिटून बसून राहिली, आणि दुसरा गेला, तिसरा गेला, तरी तशीच बसून राहिली. चिरंजीवांनी फोटोसाठी मोबाईल वर केला होता. त्यानेही तो खाली घेतला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये बराच वेळ कुणी बोलले नाही. चिरंजीव पाय झाडत होते. मला भूक लागली होती, पण भुजियाची पिशवी उघडण्याचा धीर होत नव्हता. बिकानेरचे दिवे दिसायला लागले तशी सौ. खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाली,

"आईला दूध कधी आवडायचं नाही हो. तिला चहाच लागायचा. आलं घातलेला."

जीपवाल्याला मराठी येत नव्हते. पण 'चहा' तेवढा त्याला कळला असावा. पुढच्या टपरीवर त्याने आपणहून गाडी थांबवली. आम्ही चार सांगितले. सौ. म्हणाली, "पाच सांगा." पाचवा ग्लास तिने टपरीच्या कट्ट्यावर एका बाजूला ठेवला, आणि तो निवेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.