खाडीपलीकडची वाट

घरांत कोणाला ताप आला म्हणजे काय करावयाचें हें साऱ्या घराला ठाऊक असतें. कोणी कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवतें, कोणी पेज करावयाला घेतें, कोणी डॉक्टरांकडे धांवतें, आणि लहान मुलें न सांगतां आपला गलबला ओसरीवर नेतात. परंतु त्याच घरांतील एखाद्या कर्त्या माणसाला कांहीं कारण नसतां भय वाटूं लागलें, तर काय करावें हें कोणालाच सुचत नाहीं. ताप थर्मामीटरनें मोजतां येतो; भय मोजण्याचें साधन घरांत नसतें. मग ज्याचें भय त्यानेंच तें एकट्यानें सोसावयाचें, असा जणूं दंडकच पडून गेला आहे. माझ्यावर हा प्रसंग आला. त्याची हकीकत सांगण्यांत भूषण वाटतें असें नव्हे. पण ती वाचून एखाद्या घरांतील एखाद्याचा एकटेपणा थोडा कमी होईल, या आशेनें संकोच बाजूस ठेवून लिहितों.

आमचें घर मनोरीस आहे. गांव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींतलेंच. पण मध्यें खाडी आडवी आल्यामुळें शहराशीं आमचा संबंध मार्वेच्या धक्क्याहून ये-जा करणाऱ्या बोटीचा. जमिनीवरूनही रस्ता आहे, परंतु तो उत्तन-भाईंदरकडून मोठा वळसा घालून जातो. वस्ती मुख्यतः कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची. माझे वडील शिक्षक म्हणून येथें आले आणि येथलेच झाले. आज त्या घरांत आई, दादा, वहिनी, आम्ही उभयतां आणि मुलें मिळून नऊ माणसें नांदतात. मी मालाडच्या एका शाळेंत गणित शिकवितों. सकाळीं एक बोट, सायंकाळीं एक बोट, असा एकवीस वर्षांचा नेम.

२०२३ सालच्या भाद्रपदांतील गोष्ट. शाळा सुटल्यावर नेहमींप्रमाणें मी मार्वेहून बोटींत बसलों. पाणी शांत होतें, भोंवतीं ओळखीचे चेहरे होते, मनांत कसलीही विवंचना नव्हती. बोट मध्यावर आली आणि एकाएकीं छातींत धडधड सुरू झाली. श्वास अपुरा पडूं लागला, हातापायांना मुंग्या आल्या, आणि आतां आपण येथेंच मरणार अशी खात्री झाली. मागें मार्वे, पुढें मनोरी, आणि उतरावयाला जागा नाहीं! धक्क्याला पाय लागून थोडा वेळ गेला तों सारें ओसरलें. पुढल्या तीन आठवड्यांत हें चार वेळां घडलें.

आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढविला, थायरॉइडचा दोष नाहीं याची रक्त तपासून खातरी करून घेतली, आणि ते म्हणाले, “मास्तर, हृदय ठणठणीत आहे. हा चिंतेचा विकार. माणूस घाबरून घाईघाईनें श्वास घेतो, त्यानें रक्तांतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या येतात, भोंवळ येते, आणि तें पाहून तो आणखीच घाबरतो. झटका बहुधा दहा-एक मिनिटांत शिगेला जातो आणि उतरूं लागतो. जीव जात नाहीं. पण जीव जाण्याचें भय मात्र खरें असतें. मनाच्या डॉक्टरांना भेटा.”

मनाचा डॉक्टर! घरीं हें सांगतांना शब्द घशांत अडकले. आपल्याकडे मनाच्या दुखण्याचा विषय निघाला कीं कोणीतरी हंसत हंसत “ठाण्याला पाठवा” असें म्हणून जातो. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. तेथून बरीं होऊन किती माणसें आपापल्या घरीं गेलीं हें कोणी ध्यानांत ठेवीत नाहीं. थट्टेचा शब्द मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोंडीं राहिला आहे. आईनें मीठ-मोहऱ्यांनीं माझी दृष्ट काढली. मीं ती काढूं दिली, कारण तिचा हात थरथरत होता. दादा म्हणाला, “अरे, मन घट्ट कर. बाबांनीं काय थोडें सोसलें?” त्याच्या बोलण्यांत माया होती, यांत शंका नाहीं, पण पाय मोडलेल्या माणसाला “नीट चाल” म्हणण्यासारखी ती माया होती.

खाजगी तज्ज्ञांकडे आठवड्यास एक अशा बारा-पंधरा भेटींचा खर्च मुलांच्या शिक्षणाच्या काळांत पेलणारा नव्हता. म्हणून एका सोमवारीं पहाटेच्या बोटीनें निघून उपनगरांतील एका सार्वजनिक रुग्णालयांत गेलों. केसपेपर काढला, नंबर लावला, आणि अडीच तासांनीं एका तरुण डॉक्टरीणबाईंपुढें बसलों. त्यांनीं शांतपणें सारें ऐकून घेतलें. गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा गुण यावयाला दोन ते सहा आठवडे लागतील, आणि बरें वाटलें म्हणून त्या आपल्या मनानें बंद करूं नका, हेंही बजावलें. मग म्हणाल्या, “गोळ्यांबरोबर मानसशास्त्रज्ञांशीं नियमानें भेटी व्हावयास हव्यात. तुमचें नांव यादींत घालतें. पाळी आली कीं फोन येईल.” मीं विचारलें, “साधारण केव्हां?” त्या खिन्नपणें हंसल्या. “तें सांगतां येत नाहीं, सर. त्या एकट्याच आहेत.”

त्या यादींत मी पांच महिने होतों.

पांच महिने हा काळ तसा मोठा नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं माणसें याहून अधिक थांबतात. परंतु चिंतेच्या विकाराचें मूळ स्वरूप काय, हें पाहिलें पाहिजे. पुढें काय होणार हें न कळणें ज्याला सोसवत नाहीं, त्याचें नांव चिंतेचा रोगी. आणि त्यालाच आपण अशा रांगेंत उभें करतों कीं जिचा शेवट केव्हां हें कोणीच सांगत नाहीं. ज्या वस्तूनें तो आजारी पडला, तीच वस्तु त्याला औषधाची वाट पाहतांना दररोज पाजली जाते. फोन वाजला कीं मी दचकत असें. न वाजला तर नांव गहाळ झालें असेल म्हणून झुरत असें. चौकशीसाठीं तीन वेळां गेलों. “फोन येईल” एवढेंच उत्तर मिळालें. उत्तर देणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांच्याजवळही दुसरें उत्तर नव्हतें.

गणिताच्या शिक्षकाला हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. एका मानसशास्त्रज्ञानें दिवसाला ६ जणांना पाऊण-पाऊण तास दिला, तर पांच दिवसांच्या आठवड्यांत ३० भेटी होतात. प्रत्येकाला आठवड्यास एक भेट आणि १२ आठवड्यांचा उपचार धरला, तर सुट्ट्या वजा न करतांही वर्षाला सुमारें १३० माणसें होतात. आतां दिवसाला दोनच नवीं नांवें आलीं असें समजा: वर्षाचीं ५२०. म्हणजे पहिल्याच वर्षाअखेर ३९० माणसें यादींत उरणार. ही रांग कोणाच्या आळसानें लांबलेली नसते. ती मुळांतच आंखूड हातांनीं वाढलेली पंगत असते.

हात आंखूड कां, याचेंही कारण आहे. आपला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तो नेण्याची योजना १९९६ पासूनची. पण माणसें योजनेनें निर्माण होत नाहींत. रुग्णालयांत उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला पदव्युत्तर शिक्षणावर आणखी खास शिक्षण व उमेदवारी करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आणि असें शिक्षण देणाऱ्या जागा देशाच्या मानानें फारच थोड्या. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत जी पाहणी केली, तींत निरनिराळ्या मनोविकारांनीं पीडलेल्यांपैकीं शेंकडा ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोहोंचतच नाहींत असें दिसून आलें. तेव्हां यादींत नांव लागलेला मी भाग्यवानांतच गणला जावयास हवा.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. १९१२ च्या कायद्याच्या इंग्रजी नांवांतच वेडेपणा होता. तेथून निघून आपण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यापर्यंत आलों, आणि सरकारनें चालविलेल्या सेवेंतून मानसिक उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे, ती सेवा परवडणारी, चांगली व पुरेशी असावी, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. पुरेशी म्हणजे किती दिवसांत, हें मात्र मला कोणत्याही भिंतीवर लिहिलेलें दिसलें नाहीं. इंग्लंडमध्यें २००८ पासून अशा उपचारांची सार्वजनिक व्यवस्था आहे, आणि शेंकडा ७५ रुग्णांचा उपचार ६ आठवड्यांत व शेंकडा ९५ जणांचा १८ आठवड्यांत सुरू व्हावा, असें माप तेथें ठरविलें आहे. तेथल्याही तक्रारी संपलेल्या नाहींत. पण तेथें थांबणें निदान मोजलें जातें. जें मोजलें जात नाहीं, तें कमी करण्याची कोणाला आठवणही होत नाहीं.

या काळांत घरीं काय चाललें होतें, तें सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या हातून चूकही झाली आणि उपायही घडला. चूक अशी कीं, बोटीचें भय वाटतें म्हणून सर्वांच्या सल्ल्यानें मी बोट सोडली आणि भाईंदरच्या वळशानें शाळेस जाऊं लागलों. दादा स्वतः मला बसपर्यंत पोहोंचवी. पहिले कांहीं दिवस फार हलकें वाटलें. मग बसमध्यें भय वाटूं लागलें, मग वर्गांत, आणि मार्गशीर्षांत मीं नोकरीच्या राजीनाम्याचा कागद लिहून टेबलाच्या खणांत ठेवला. भयाला जागा करून दिली कीं तें सारें घर मागतें.

तो कागद वहिनीच्या हातीं लागला. तिनें आरडाओरड केली नाहीं. संध्याकाळीं वालाच्या शेंगांची परडी माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, “भाऊजी, ते लोक तारीख देत नाहींत ना? मग आपणच देऊं. दर गुरुवारीं सहा ते सात तुम्ही आणि मी ओसरीवर. बोलावेंसें वाटलें तर बोला, नाहींतर शेंगा सोला. बाकीचे सहा दिवस मी ‘बरें वाटतें का’ म्हणून विचारणार नाहीं, आणि कोणाला विचारूंही देणार नाहीं.”

वहिनी मानसशास्त्र शिकलेली नाहीं, आणि तिचा गुरुवार म्हणजे उपचार होता असेंही मी म्हणत नाहीं. पण पुढल्या गुरुवारपर्यंत तग धरणें मला शक्य होऊं लागलें. कारण तो गुरुवार येणार हें नक्की होतें. आणि दिवसांतून दहा वेळां प्रेमानें विचारला जाणारा तो प्रश्न बंद झाल्यावर, स्वतःची नाडी दहा वेळां पाहण्याची माझी संवयही कमी झाली. एका रात्रीं दोन वाजतां झटका आला, तेव्हां बायकोनें १४४१६ हा क्रमांक फिरवून दिला. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. पलीकडून मराठींत एक शांत आवाज आला. त्या बाईंनीं मला श्वास सावकाश सोडावयास लावलें, आणि झटका उतरेपर्यंत त्या बोलत राहिल्या. यादींतलें माझें नांव त्यानें वर गेलें नाहीं. पण ती रात्र सरली.

माघांत फोन आला. ठरल्या दिवशीं दादाला बरोबर घेऊन, चार महिन्यांनीं प्रथमच, मी बोटींत बसलों. छाती धडधडली, पण दादा एक शब्दही बोलला नाहीं, नुसता शेजारीं बसून राहिला. मानसशास्त्रज्ञबाईंनीं तें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “उपचार तुम्ही येतांनाच सुरू केलात.” पुढें त्यांनीं पायऱ्या आंखून दिल्या: आधीं नुसतें धक्क्यावर बसणें, मग बांधलेल्या बोटींत, मग सोबतीनें पलीकडे, मग एकट्यानें, आणि प्रत्येक पायरीवर भय आपोआप उतरेपर्यंत न पळतां थांबणें. मनांत उठणाऱ्या विचाराला “पुरावा काय?” असें विचारण्याची रीतही शिकविली. ही विद्या परकी म्हणून बिचकण्याचें कारण नाहीं. आल्बर्ट एलिस यांचें विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र कि. मो. फडके यांनीं आपल्याकडे रुजविलें, आणि के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. एन. एस. वाहिया यांनीं १९६० व १९७० च्या दशकांत पातंजल योगाच्या आधारें अशाच रुग्णांवर उपचार करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते.

आज मी पुनः बोटीनें शाळेस जातों. क्वचित् मध्यावर छाती धडधडते. मग मी तिला पलीकडच्या धक्क्यापर्यंत धडधडूं देतों. राजीनाम्याच्या कागदामागें मुलांनीं गुणाकार करून टाकले.

सार्वजनिक रुग्णालयांस माझी विनंती एवढीच कीं, आज नांव नोंदविणाऱ्यास साधारण किती आठवडे थांबावें लागेल, तो आंकडा दारावर लिहून ठेवावा. तो मोठा असला तरी चालेल. आंकडा सोसतां येतो; अंधार सोसवत नाहीं. आणि घरोघरच्या मंडळींस विनंती ही कीं, आजारी माणसाला एक ठराविक वार द्यावा, त्याच्या भयाच्या सोयीसाठीं सारें घर वाकवूं नये, आणि जगणेंच नकोसें झालें असें त्याच्या तोंडून आलें तर यादीची वाट न पाहतां त्याच दिवशीं त्याला मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

शेवटच्या भेटीच्या दिवशीं बाहेरच्या बांकावर एक गृहस्थ आपल्या विशीतल्या मुलीला घेऊन बसले होते. त्यांनीं हळूच विचारलें, “तुमची पाळी यावयाला किती दिवस लागले?” खोटा धीर द्यावा असें क्षणभर मनांत आलें. मग म्हटलें, “पांच महिने.” त्यांचा चेहरा उतरला, पण मुलीनें मान वर करून प्रथमच माझ्याकडे पाहिलें, आणि ती मनाशींच महिने मोजूं लागली. मी त्यांच्या शेजारीं बसलों आणि त्यांना वहिनीचा गुरुवार सांगितला.