जयसिंगपूरच्या गल्ल्या आणि बाहुबलीची वाट

सांगलीहून कोल्हापूरकडे निघालेला प्रवासी अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडतो आणि उदगाव मागे पडताच जयसिंगपुरात येतो. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेली ही पेठ. नदीच्या वळणाने वा एखाद्या वाड्याभोवती वाढलेल्या जुन्या गावांसारखी तिची घडण नाही. येथे आधी आखणी झाली, मग घरे उठली. त्यामुळे रस्ते सरळ आहेत, ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. तंबाखूच्या व्यापाराने नावारूपाला आलेल्या या पेठेत मालाच्या गाड्यांना ही आखणी सोयीची ठरली. मोटार शिकणाऱ्या नवख्या माणसालाही ती तितकीच सोयीची आहे. सरळ जावे, चौकात थांबावे, वळावे, पुन्हा सरळ जावे. चुकले तर पुढच्या गल्लीतून परत मूळ जागी यावे.

येथील एका व्यापारी कुटुंबातील ५४ वर्षांच्या गृहिणी याच गल्ल्यांमधून मोटार चालवायला शिकल्या. हौस म्हणून त्या शिकल्या नाहीत. घरातील मोटार तीस वर्षे यजमानांनी चालवली होती. दर महिन्याला एका रविवारी वृद्ध मातोश्रींना घेऊन कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्री जायचे, हा त्या घराचा नेम होता. पुढे यजमानांच्या दृष्टिपटलाला विकार जडला. समोरचे दिसे, पण कडेचे पुसट होऊ लागले. डॉक्टरांनी मोटार चालवण्यास स्पष्ट मनाई केली. मुलगा पुण्यात, मुलगी बेळगावात. दोन-तीनदा रोजंदारीवर चालक बोलावून पाहिला. पण लग्नसराईत रविवारी चालक मिळणे कठीण होऊ लागले. मोटार अंगणात आच्छादनाखाली उभी राहिली. त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी बाहुबलीचा विषय काढणेच बंद केले, आणि सुनेला तेच अधिक लागले.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तेवढ्या अवधीसाठी त्यांनी गावातील एका प्रशिक्षण वर्गात नाव घातले. शिकवणारा तरुण त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. पहिल्या दिवशी त्याने इंजिन सुरूच करू दिले नाही.

“काकू, आधी बसायला शिकायचं,” तो म्हणाला.

क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी आसन पुढे घ्यायची. पाठ टेकलेली असावी आणि हात ताणले जाऊ नयेत. मग तिन्ही आरसे. आतल्या आरशात मागची संपूर्ण काच दिसली पाहिजे; बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची अगदी थोडी कड आणि बाकी सारा रस्ता. त्यानंतर पट्टा. पायाखाली तीन पेडल : डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. डावा पाय केवळ क्लचसाठी. उजव्या पायाकडे मात्र ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही दोन्ही कामे, कारण वेग वाढवणे आणि थांबवणे एकाच वेळी घडता कामा नये. टाच जमिनीवर टेकवून पावलाचा पुढचा भाग एका पेडलवरून दुसऱ्यावर न्यायचा. हे त्यांच्याकडून वीस-पंचवीस वेळा करून घेतले गेले, तेही खाली न पाहता.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा सुरू झाली, धक्का देऊन पुन्हा थांबली. क्लच दाबला की इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तुटतो. सोडला की जुळतो. तो एकदम जुळवला तर मंद फिरणाऱ्या इंजिनाला गाडीचा भार पेलवत नाही. क्लच हळूहळू वर आणताना एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, गाडी थरथरते. पाय तेथेच क्षणभर रोखायचा असतो. शिकवणारे याला ‘हाफ क्लच’ म्हणतात. चार दिवस हे जमेना. पाचव्या दिवशी त्यांना दुकानातला तराजू आठवला. काटा मध्यावर येऊ लागला की शेवटची मूठ कशी बोटांच्या फटीतून सोडावी लागते, हे त्या वर्षानुवर्षे करत आल्या होत्या. हाताने येणारी ती गोष्ट पायाला शिकवायची होती. त्या दिवशी गाडी धक्क्याविना निघाली.

मग गिअर आले. निघताना पहिला, वेग येताच दुसरा, मोकळ्या रस्त्यावर तिसरा-चौथा. गिअर बदलताना नजर समोर, दांड्याकडे नव्हे. वळणाचा दिवा लावायच्या ऐवजी पहिले काही दिवस कोरड्या काचेवर वायपर फिरत राहिला. गावाबाहेरच्या लहान पुलाच्या चढावर हँडब्रेक ओढून थांबायचे, क्लच जुळल्याची थरथर जाणवली की ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा, म्हणजे गाडी मागे घसरत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला आवरते आणि ब्रेकवर सारा भार येत नाही. समोरच्या फलकावर तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर घर जवळ आले म्हणून पुढे रेटायचे नाही. कडेला घेऊन इंजिन बंद करायचे.

एकदा भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. त्यांचे हात कापू लागले. तरुण शांतपणे म्हणाला, “काकू, मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून पुढचा रस्ता मोकळा होत नाही. क्लच दाबा, न्यूट्रल करा, मग चावी.” ते तीन शब्द पुढे त्यांना पुष्कळदा उपयोगी पडले.

पक्का परवाना आला. मात्र खरी परीक्षा त्यानंतर झाली. वर्गाच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते. घरच्या गाडीत शेजारी फक्त यजमान होते. त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राही. “अगं, गिअर बदल. आता थांब. थांब म्हणतो ना!” तिसऱ्या गल्लीच्या टोकाला त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केले.

“अहो, तुम्ही सांगत राहिलात, तर मला रस्ता ऐकू येत नाही.”

यजमान बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला कड दिसत नाही गं. शेजारून काय येतंय ते कळत नाही, म्हणून जीव घाबरतो.”

आठ महिन्यांत हे ते प्रथमच बोलले होते. त्या दिवसापासून बाईंनी एक रीत धरली. जे दिसेल ते त्या मोठ्याने सांगू लागल्या : “डावीकडे सायकल आहे. पुढे रिक्षा थांबतेय. आरशात दुचाकी आहे, तिला जाऊ देते.” यजमानांचा पाय हळूहळू स्थिर झाला, आणि बोलायचे म्हणून त्यांचे स्वतःचे पाहणेही नेमके झाले. पाहिलेले शब्दांत उच्चारले की नजर भरकटत नाही, हे कोणाही नवशिक्याने करून पाहावे.

पौषातल्या एका रविवारी सकाळी ते तिघे निघाले. मागे बसलेल्या सासूबाईंना पट्टा लावताना त्या म्हणाल्या, “मला कशाला बांधतेस गं?”

“आई, मागच्यांनीही लावायचा असतो. कायदाच आहे.”

जयसिंगपूर ते हातकणंगले हा रस्ता ऊस पट्ट्यातला. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या कारखान्यांकडे संथपणे सरकत असतात. भाराच्या बाहेर आलेले ऊस दुरून कळत नाहीत. अशा वाहनाच्या अगदी पाठीशी लागले, तर पुढचा रस्ता झाकला जातो. चार पावले मागे राहिले, तर तोच रस्ता दिसू लागतो. बाईंनी घाई केली नाही. समोरचा मोकळा पल्ला दिसेपर्यंत त्या मागे राहिल्या. मग आरसा, दिवा, खालचा गिअर, आणि उजवीकडून पुढे. संपूर्ण ट्रॅक्टर आतल्या आरशात दिसल्यावरच त्या डावीकडे परतल्या. “गेला मागे,” त्यांनी सांगितले. यजमानांनी मान हलवली.

हातकणंगल्यात उजवे वळण. समोरून येणाऱ्यांचा ओघ थांबेना. त्या मध्यरेषेजवळ, चाके सरळ ठेवून, थांबून राहिल्या; चाके आधीच वळवली आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरच्या वाहनांपुढे ढकलली जाते. वाट मिळाली तशा वळल्या. पुढे नेज, आणि मग सपाट शेतांमधून वर आलेला बाहुबलीचा डोंगर.

येथील २८ फूट उंचीची, संगमरवरी, कायोत्सर्ग मुद्रेतील बाहुबलींची मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठित झाली. समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने बहरलेले गुरुकुल याच परिसरात आहे. डोंगरावरील मंदिरांकडे पायऱ्या जातात. सासूबाई पायऱ्यांकडे गेल्या नाहीत. मूर्तीसमोर भिंतीला टेकून त्या तासभर बसल्या. निघताना त्यांनी एवढेच विचारले, “पुढच्या महिन्यात ऊस कमी झाला असेल ना रस्त्यावर?”

हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपायचे, म्हणून ते चारच्या सुमारास परत फिरले. ऊन समोरून न येता पाठीवर राहिले, ही पूर्वेकडच्या परतीची सोय.

राहिले एकच काम : अरुंद फाटकातून गाडी उलटी आत घेणे. तीस वर्षे यजमान गाडी मागे घेत आणि बाई अंगणात उभ्या राहून हात हलवत म्हणत, “या, या, अजून या… बस!” आज यजमान उतरले, अंगणात शिरून तुळशीवृंदावनाला पाठ टेकून उभे राहिले. फाटकाचा खांब त्यांना नीट दिसत नव्हता, म्हणून त्यांनी एक हात त्यावर ठेवला.

“ये,” ते म्हणाले. “ये, ये, अजून ये… बस!”

गाडी खांबापासून वीतभर अंतरावर थांबली.