पंखा कुठंतरी लागतोय

जुन्या गाडीत नवा आवाज आला की आधी एकच बघायचं: तो चाकांबरोबर वाढतो की इंजिनाबरोबर. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, ॲक्सिलरेटर दाबा. आवाज चढला तर चाकं, ब्रेक, ड्रम सगळे निर्दोष सुटले. हे मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी नववीत असताना शिकवलं होतं. नवा ऑल्टरनेटर बसवून गाडी घरी आणत होतो तेव्हा बॉनेटखालून पत्रा खरवडल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. मी भिगवण रोडला गाडी कडेला घेतली, ॲक्सिलरेटर दाबला. आवाज चढला.

मी अण्णांकडे बघितलं. ते शेजारच्या सीटवर आरामात बसले होते.

"थांबलीस का? झकास चाललीय की," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. अण्णांनी चाळीस वर्षं बारामतीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं. शेतकरी विहिरीवरची मोटर पिकअपमध्ये टाकून आणायचा. अण्णा ती चालू करायचे, मान जराशी तिरकी करून ऐकायचे आणि उघडायच्या आधीच सांगायचे: बेअरिंग गेलंय, किंवा रोटर स्टेटरला घासतोय. मोटरीत या दोघांमधली फट मिलिमीटरच्याही आतली असते, बेअरिंग झिजून रोटर जरा खाली बसला की लागतोच. तो आवाज अण्णा रस्त्यावरून ओळखायचे. आणि आता त्याच जातीचा आवाज त्यांच्या पायांपासून चार फुटांवर येत होता.

"अण्णा, आवाज येतोय. घासल्याचा."

त्यांनी मान तिरकी केली. बराच वेळ. मग म्हणाले, "बेल्ट नवा आहे, बसंल."

बेल्ट जुनाच होता.

गाडीबद्दल थोडं सांगते. १९७९ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. अण्णांनी ती माझ्या जन्माच्या आसपास सेकंडहँड घेतली, तेव्हाच कुणीतरी तिचा मूळचा डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवलेला होता. शहाण्यानं केलेलं काम. डायनॅमो इंजिन आयडलला असताना जवळजवळ काहीच देत नाही, सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडतात. ऑल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही बॅटरी चार्ज करतो. पण तोही शेवटी गेला, आणि बारामतीतल्या एका दुकानानं रिकंडिशन केलेला दुसरा बसवून दिला.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘ड्रॉप-इन रिप्लेसमेंट’ नावाचा एक गोड शब्द आहे: जुनं काढा, नवं टाका, बाकी कशाला हात लावायला नको. तो ऐकला की मी शनिवार-रविवारचे बेत रद्द करते.

इथंही तेच. नव्या ऑल्टरनेटरची पुली आमच्या बेल्टची नव्हती, म्हणून दुकानात जुन्यावरची पुली आणि तिच्यामागचा पत्र्याचा पंखा काढून नव्याच्या शाफ्टवर चढवला होता. जुन्या पद्धतीच्या ऑल्टरनेटरला हा पंखा बाहेर असतो, पुली आणि बॉडी यांच्या मधोमध. तो हवा ओढतो आणि आतल्या वायंडिंगला, डायोडना गार ठेवतो. पुलीबरोबर फिरतो, आणि ऑल्टरनेटरची पुली लहान असल्यामुळं इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगानं फिरतो. त्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या मध्ये जी फट असते ती कुठं लिहिलेली नसते. जुन्या शाफ्टवर ती बरोबर होती. नव्या शाफ्टचा खांदा थोडा आखूड, तर पंखा तेवढाच आत गेला.

अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. दुकानात परत गेलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "पाती वाकवून देतो, दोन मिनिटांचं काम." पत्र्याची पाती, मिनिटाला हजारो फेऱ्या. एकदा वाकवलेला पत्रा तिथंच तडकतो आणि सुटलेलं पातं रेडिएटरमध्ये घुसू शकतं. अण्णा त्याला म्हणाले, "राहू दे बाबा." मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरंच येतोय का गं आवाज?"

त्या विचारण्यात मला पहिल्यांदा भीती वाटली. टीव्हीचा आवाज वाढलाय हे आई म्हणतच होती. फोनवर बोलताना ते "हां, हां" करतात आणि विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत, हे मीही बघितलं होतं. पण टीव्ही आणि फोन म्हणजे अण्णांचे कान नव्हेत. मोटर म्हणजे अण्णांचे कान.

इंदापूरचे एक मिस्त्री फियाटचं इलेक्ट्रिक काम करतात. त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "ताई, हेडलाइट लावल्यावर आवाज वाढतो का?" नाही वाढत. "मग करंटचा नाही, लोखंडाचाय. या घेऊन, हळू या."

बारामती ते इंदापूर साधारण पन्नास किलोमीटर. संसार, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते, रस्ता आता चौपदरी झालाय आणि आमच्या चाळीसच्या स्पीडला मागून येणारा प्रत्येक ट्रक शिव्या देत होता. जंक्शन हे गावाचंच नाव आहे. तिथून वालचंदनगरला वळता येतं, आणि तिथं आलं की अण्णा दरवेळी एकच वाक्य म्हणतात: "हे हिचं आजोळ." जन्म कुर्ल्याचा, पण ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांच्याच नावाची ही वसाहत, इंदापूर तालुक्याच्या माळावर साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली. पुढं तिथं साखर कारखान्यांची यंत्रं झाली, इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटरची केसिंगही झाली. तिकडं रॉकेट, इकडं आमचा पंखा. या वेळी अण्णा काही बोलले नाहीत. मीच म्हणाले, "हे हिचं आजोळ." त्यांना ऐकू गेलं नाही, की ते दुसऱ्याच विचारात होते, कळलं नाही.

मिस्त्रींनी आधी बेल्ट उतरवला आणि इंजिन चालू केलं. आवाज बंद. बेल्ट नसला की वॉटर पंपही थांबतो, म्हणून अर्ध्या मिनिटात इंजिन बंद. म्हणजे दोष बेल्टच्या वाटेवर: पंप नाहीतर ऑल्टरनेटर. बेल्ट परत चढवून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, तेवढ्यात अण्णांनी हात पुढं केला. "आणा इकडं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक ऑल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवलं, फिरणाऱ्या पंख्यापासून हात लांब ठेवून. मूठ मात्र कानाच्या भोकाशी नाही, कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. मी श्वास धरून उभी.

"बेअरिंग चांगलंय," ते म्हणाले. "पण पुढून लागतंय. सलग नाही, तुटक लागतंय."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, बेल्ट ढिला केला, बॉडीच्या कडेला खडू घासला आणि पुली हातानं फिरवली. दोन पात्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या. बॉडीवर तिथंच ॲल्युमिनियम चकाकत होतं, केसाएवढी चंद्रकोर.

बाकीचं काम तासाभराचं. साधं वायसर टाकून चालत नाही, हे मला तिथं कळलं. पंखा बेअरिंगच्या फक्त आतल्या, फिरणाऱ्या रिंगवर टेकायला हवा. रुंद वायसर बाहेरच्या, स्थिर रिंगला लागलं तर एक घासणं काढून दुसरं बसवल्यासारखं. म्हणून शेजारच्या लेथवाल्याकडून त्याच मापाचा दोन मिलिमीटरचा स्पेसर कापून आणला. पण पंखा दोन मिलिमीटर पुढं आला म्हणजे पुलीही आली, आणि बेल्ट तिरका चालायला लागला की कडेनं खातो. मग ब्रॅकेटमध्ये मागच्या बाजूला असलेलं पॅकिंग पुढच्या बाजूला घालून अख्खा ऑल्टरनेटर तेवढाच मागं सरकवला. स्टीलची पट्टी खालच्या पुलीला लावून वरची तिच्या रेषेत आली का ते बघितलं. नट पूर्ण आट्यांवर बसतोय का तेही. इंजिन चालू. मीटर लावला: १४.१ व्होल्ट. खरवडणं गेलं.

मिस्त्री म्हणाले, मुंबईत काळीपिवळी होती तोवर हिचं सगळं सामान मिळायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. "आता असंच, ताई. एकाचं दुसऱ्याला बसवायचं आणि मधली फट आपण भरायची." पैसे विचारले तर लेथवाल्याचे वेगळे द्या म्हणाले, आणि स्वतःचे इतके कमी सांगितले की अण्णांनी रागावून जास्तीचे त्यांच्या खिशात कोंबले.

परतीच्या वाटेवर मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला, जरा मोठ्यानं. अण्णा "हां, हां" म्हणाले. लासुर्ण्याला चहासाठी थांबलो तेव्हा परत काढला, समोर बसून. म्हणाले, बघू. मी म्हणाले, मोटर आणणाऱ्याला तुम्ही ‘बघू’ म्हणत होता का?

सोमवारी बारामतीत डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क काढला. आधी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला, आणि कुठं जास्त ऐकू येतं विचारलं. साधारण माणसाला समोर, हवेतून जास्त ऐकू येतं. अण्णा म्हणाले, हाडावर. डॉक्टरांनी दुसऱ्या कानाला तेच केलं. हाडावर. अण्णा माझ्याकडे बघून हसले, "हा तर आपला स्क्रूड्रायव्हरच."

डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ आवाज आत पोचवणाऱ्या भागात अडथळा असावा. नसेचं किती शाबूत आहे ते ऑडिओमेट्रीत कळेल, पण हाडावरून इतकं ऐकू येतंय हे चांगलं लक्षण आहे.

"म्हणजे वायंडिंग चांगलंय," अण्णा म्हणाले.

ऑडिओमेट्री शुक्रवारी आहे. मी सुट्टी टाकलीय.