पाण्याला कुलूप

मोठ्या संकटात माणसाला मोठ्या गोष्टींचेच दुःख होते, असा ग्रंथकारांचा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. २०२० च्या मार्चमध्ये सारा देश एका रात्रीत घरात बसला, तेव्हा मी फारसा खचलो नाही. आगगाड्या थांबल्या, महाविद्यालयाला टाळे लागले, वर्तमानपत्र यावयाचे राहिले. हे सारे मी एखाद्या स्थितप्रज्ञाच्या थाटात सोसले. पण पुढे एकेक दार उघडू लागले आणि पोहण्याच्या तलावाचे दार तेवढे उघडेना, तेव्हा मात्र माझ्या ठायी असा काही संताप उत्पन्न झाला की, माझे मलाच नवल वाटावे.

धानोऱ्यात राहणाऱ्या मनुष्याला पोहण्याच्या तलावाची एवढी काय मातबरी, असे वाचक विचारतील, आणि ते रास्तच आहे. गडचिरोलीहून मुरूमगावावरून छत्तीसगडच्या सरहद्दीकडे जो रस्ता जातो, त्यावर सुमारे पस्तीस किलोमीटरवर आमचे गाव. भोवती साग, मोह आणि बांबू यांचे रान. मध्ये धानाची शेते. त्या शेतांना पाणी पाजणाऱ्या बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव, ज्यांना इकडे लहानथोर सर्व ‘मामा तलाव’ म्हणतात. जवळून कठाणी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. तेव्हा पाण्याचे दुर्भिक्ष येथे नाही. आमच्या महाविद्यालयातील शिपायाने तर माझी तक्रार ऐकून मला सरळ प्रश्नच केला, “सर, नदीले कोन कुलूप लावते?”

त्याचे म्हणणे खरे होते. पण नदी ही ज्यांची बालपणापासूनची मैत्रीण आहे त्यांच्यासाठी खरे होते. मी पोहायला शिकलो तो विद्यार्थिदशेत, बांधीव हौदात, कठड्याला धरून. पन्नाशी उलटल्यावर माझ्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी चालणे कमी करून पोहणे वाढविण्यास सांगितले, तेव्हा मला पायऱ्या हव्या होत्या, तळ दिसणारे पाणी हवे होते, आणि पेटका आलाच तर हाक ऐकणारा कोणी हवा होता. उन्हाळ्यात कठाणीत घोट्याइतके पाणी आणि पावसाळ्यात झाडे वाहून नेणारा लोंढा. या दोहोंच्या मध्ये प्राध्यापकाने उतरावे असा मुहूर्त क्वचितच सापडतो.

वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील एका शहरात माझे थोरले बंधू राहतात. तेथे एक सार्वजनिक तलाव आहे. उघड्यावरचा, निळ्या फरशीचा, एका बाजूला कडुनिंबाची रांग असलेला. २०२० च्या नववर्षदिनी मी त्याचा वर्षाचा पास काढला. शनिवारी दुपारची एस. टी. धरावी, रात्री दादांच्या घरी जेवावे, रविवारी पहाटे पोहून संध्याकाळी परत यावे, असा क्रम सुरू झाला. त्या अर्ध्या तासाचे सुख ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला समजावून सांगता येणार नाही. जमिनीवर ज्या देहाचे ओझे पायरीपायरीला जाणवे, तो देह पाण्यात शिरताच कोणीतरी हातातून पिशवी काढून घ्यावी तसा हलका होई. कानांत पाणी, डोळ्यांसमोर आकाश, आणि तास-दीड तासांची व्याख्याने देणाऱ्या माणसाला मिळणारे दुर्मिळ असे मौन. असे अकरा रविवार मी पोहलो. बारावा, २२ मार्चचा, जनता कर्फ्यूचा निघाला.

त्या प्रारंभीच्या बंदीबद्दल मी एक अक्षरही काढीत नाही. रोग नवा होता. तो कशाने पसरतो हे तज्ज्ञांनाही उमगत नव्हते. माझी कुरकुर आहे ती दारे उघडण्याच्या क्रमाबद्दल. मे महिन्यात मद्याची दुकाने उघडली. जून संपता संपता केस कापून मिळू लागले. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या खुर्च्या मांडून सुरू झाली. दसऱ्याला व्यायामशाळा उघडल्या. ५ नोव्हेंबरपासून चित्रपटगृहे खुली झाली आणि त्याच हुकुमात तलावांचाही उल्लेख आला. पण तो केवळ स्पर्धांसाठी तयारी करणाऱ्या खेळाडूंपुरता. दिवाळीच्या पाडव्याला देवळे उघडली. परमेश्वराला आठ महिने दाराआड बसावे लागले तेथे माझी कथा काय, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. पण देवळे उघडली तरी माझा तलाव बंदच होता.

मी दर पंधरवड्याला दादांकडून चौकशी करवीत असे. राखणदाराचे उत्तर ठरलेले: “वरून ऑर्डर नाही आली.” त्या ‘वरून’मध्ये केवढा विस्तार सामावला होता! दिल्लीचे गृहमंत्रालय, मुंबईचे मंत्रालय, जिल्हाधिकारी, नगरसंस्था, आणि सर्वांच्या शेवटी ज्याच्या खिशात किल्ली तो. २०२१ च्या फेब्रुवारीपासून सर्वांसाठी तलाव खुले करण्यास केंद्राने अनुमती दिली, हे मी वर्तमानपत्रात वाचले आणि हर्षाने दादांना फोन केला. दादा शांतपणे म्हणाले, “अरे, दिल्लीचे पाणी इथवर यायला वेळ लागतो.” ते येण्यापूर्वीच दुसरी लाट आली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मी तलावाचे नावही काढले नाही. ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठी लोक रात्रभर फोन करीत होते. माझ्या परिचयातील तीन माणसे त्या सहा आठवड्यांत गेली. त्या दिवसांत कोणी माझ्यासमोर पोहण्याचा विषय काढला असता तर मीच त्याच्यावर खेकसलो असतो. जंगलातील पाड्यापाड्यांवर पायी फिरणाऱ्या आशाताईंना पाहिले की, आपली तक्रार किती सुखवस्तू आहे हेही कळत असे. परंतु लाट ओसरली, दारे पुन्हा एकेक करून उघडू लागली, आणि तलाव पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला, तेव्हा तो जुना राग अगदी ताजा होऊन परत आला.

वास्तविक एव्हाना अज्ञानाची सबब उरली नव्हती. इंग्लंडात उघड्यावरचे तलाव जुलै २०२० मध्येच सुरू झाले होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२१ मध्ये आपल्या प्रयोगांचे फलित प्रसिद्ध केले: लीटरमागे दीड मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असेल आणि पाण्याचा सामू ७ ते ७.२ च्या दरम्यान राखला असेल, तर हा विषाणू ३० सेकंदांत हजारपटीने निर्बल होतो. ज्या पाण्याच्या वासाने डोळे चुरचुरतात ते पाणी त्या क्षुद्र जीवालाही मानवत नाही, यात नवल ते काय? आता कपडे बदलण्याच्या खोलीत गर्दी होते, मास्क लावून पोहता येत नाही, धापा टाकणारा मनुष्य जोराने श्वास सोडतो, हे आक्षेप खोटे नाहीत. पण मग तसे सांगावे: खोल्या बंद ठेवतो, घरून तयार होऊन या, एका वेळी वीसच माणसे उतरतील. कडुनिंबाखालचा उघडा तलाव बंद आणि वातानुकूलित चित्रपटगृह चालू, याचे कारण मी पुष्कळ शोधले. मला एकच सापडले. मद्यालयाला मालक आहे, चित्रपटगृहाला मालक आहे, त्यांच्या संघटना आहेत आणि त्यांच्या बुडीत उत्पन्नाचा आकडा मांडता येतो. सार्वजनिक तलावात बुडतो तो फक्त पोहणारा, आणि त्याचा आकडा कोणी मांडीत नाही.

खेळाडूंना आधी प्रवेश दिला याचा मला मत्सर नाही. कोल्हापूरचे वीरधवल खाडे, ज्यांनी २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत कांस्यपदक मिळविले, त्यांनी जून २०२० मध्ये जाहीर लिहिले की, तलाव असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. त्याच ऑगस्टमध्ये श्रीहरी नटराज आदी जलतरणपटूंना सरावासाठी दुबईला धाडावे लागले. पन्नास मीटरांच्या पाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, ही मोठी गंमत आहे. तरीही खेळाडूचा अपवाद करण्यात एक समजूत दडलेली होती, आणि ती मला बोचली: पोहणे म्हणजे एक तर पदक, नाही तर चैन.

आमच्या भागात तरी ते चैन नाही. या देशात दरसाल तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी पैलतीरी निघालेल्या स्त्रिया बुडाल्या. त्या स्त्रियांसाठी कोणी तलाव बांधला नव्हता, आणि नदीच्या ऐन धारेत लुगडे नेसलेल्या बाईला पोहणे कितपत कामी येते, हाही प्रश्न आहे. पण दोन वर्षे ज्या मुलांना कोणी पाण्यात उतरूच दिले नाही, ती मुलेही कधी तरी कोठल्या तरी काठावर उभी राहणारच आहेत.

या साऱ्या हुकुमांना आधार होता तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आणि १८९७ च्या साथरोग कायद्याचा. हा दुसरा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी घाईने केलेला, मूळचा अवघ्या चार कलमांचा. त्यात हुकूम देण्याची सोय भरपूर आहे. हुकुमाचे कारण देण्याची सक्ती नाही. मौज अशी की, जून २०२० मध्ये निर्बंध सैल करताना राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी ‘पुनश्च हरिओम’ हे शब्द वापरले. ते शब्द लोकमान्यांचे. प्लेगच्या त्याच काळात राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन, तुरुंगवास भोगून, ‘केसरी’ची सूत्रे पुन्हा हाती घेताना ४ जुलै १८९९ रोजी त्यांनी त्या मथळ्याचा लेख लिहिला. सरकारला जाब विचारणाऱ्याचा मथळा सरकारी घोषणेत आला, पण जाब विचारण्याची त्याची सवय मात्र बरोबर आली नाही.

धानोऱ्यापासून तीन किलोमीटरवर मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. लेखा या शेजारच्या गावाशी जोडून त्याचे नाव देशभर गेले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही. एकाचेही समाधान झाले नसेल तर विषय पुढल्या बैठकीवर जातो आणि बोलणे चालू राहते. बंदी तेथेही असते. कोणते झाड तोडू नये, कोठे केव्हा जाऊ नये, हे ठरविले जाते. पण ज्याच्यावर ती बंदी, तो तिच्या कारणाचाही धनी असतो. अकरा-बारा कोटींच्या राज्याने साथीच्या धुमाळीत अशी बैठक भरवावी असे मी म्हणत नाही. हुकुमाखाली कारणाची एक ओळ आणि पुनर्विचाराची एक तारीख छापण्यास मात्र बैठक लागत नाही.

असो. २०२२ उजाडले. जानेवारीत तिसरी लाट येताच ८ तारखेच्या हुकुमाने व्यायामशाळा आणि तलाव दोन्ही बंद झाले. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती होऊन व्यायामशाळा निम्म्या क्षमतेने सुटल्या, तलाव राहिले. मार्चच्या प्रारंभी मात्र चौदा जिल्ह्यांना जवळजवळ पूर्ण मोकळीक मिळाली. कसोटी आकड्यांची होती: पहिली लस नव्वद टक्के, दुसरी सत्तर टक्के, वगैरे. चंद्रपूर त्या चौदांत बसले. गडचिरोली बसले नाही. त्याला निम्म्या क्षमतेचे बंधन राहिले.

६ मार्चच्या रविवारी मी वैनगंगेचा पूल ओलांडून तलावावर हजर झालो. खिडकीतल्या तरुण कारकुनाने माझे लशीचे प्रमाणपत्र न्याहाळले.

“सर, तुम्ही गडचिरोलीचे.”

“धानोऱ्याचा.”

“तिकडे पन्नास टक्के आहे.”

“आणि इकडे?”

“इकडे शंभर. पण तुम्ही तिकडचे ना.”

१९८२ च्या २६ ऑगस्टपर्यंत तिकडचे आणि इकडचे एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते, हा इतिहास मी त्याला सांगितला. तो त्याच्या जन्मापूर्वीचा असल्यामुळे त्याचा काही परिणाम झाला नाही. मग मी म्हटले, “असे करा, मला कमरेपर्यंतच उतरू द्या. पन्नास टक्के होईल.” तो हसला, त्याने आत कोणाला तरी फोन केला, आणि मला सोडले. जुन्या पासाचे उरलेले साडेनऊ महिने मात्र त्याने मोजले नाहीत. “त्याची तारीख गेली, सर,” असे म्हणून त्याने नव्या पासाची पावती फाडली.

पाणी थंड होते आणि क्लोरीनचा वास नाकाला झोंबत होता. दोन वर्षांनी मारलेल्या पहिल्या चार हातांतच मला धाप लागली. कठड्याला धरून उभा राहिलो, तो उथळ भागात आठ-दहा वर्षांची चारपाच मुले शिकवणाऱ्याचे बोट न सोडता पाय झाडीत होती. त्या वयाच्या मानाने ती फारच कच्ची वाटली. मी सहज विचारले, तेव्हा शिकवणारा म्हणाला, “ही २०२० च्या एप्रिलच्या बॅचची नावे आहेत, सर. चाळीस जणांनी फी भरली होती.”

“आणि बाकीची?”

“बाकीच्यांना फोन केले. काही गाव सोडून गेली. काही म्हणाली, आता मोठी झालो, लहान मुलांत शिकायला लाज वाटते.”

एवढे बोलून तो पुन्हा पाण्यात वाकला आणि एका मुलाच्या पोटाखाली त्याने हात धरला.